इया, बाबा आणि बोलानले : लोला शोनेयिन वाचलीये का कुणी?

शेवंती

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते पण ऑफिस, परीक्षा (मुलाच्या) आणि पाहुणे यात राहूनच गेलं. नायजेरियाच्या लोला शोनेयिन या लेखिकेबद्दल बोलायचंय. तिची 'द सीक्रेट लाइव्ह्ज ऑफ बाबा सेगीज वाइव्ह्ज' ही कादंबरी वाचून दोन आठवडे झाले आणि अजून डोक्यातून जात नाहीये, रात्री भांडी आवरताना सुद्धा मी एकटीच हसते आणि मग एकदम घशात काहीतरी अडकतं, असं माझं फार कमी पुस्तकांबाबत झालंय.

आधीच सांगते, मी शेवट सांगणार आहे, कारण तो सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येत नाही. ज्यांना वाचायचीये त्यांनी इथेच थांबा, पुस्तक वाचून मग या, धागा कुठे पळत नाही.

तर गोष्ट इबादान शहरातली. तिथले एक गब्बर व्यापारी, बांधकामाच्या सामानाचा धंदा, बायका तीन, मुलं सात. मग चौथी बायको येते, बोलानले, पदवीधर. बाकीच्या तिघींचा संताप संताप, कारण शिकलेली बाई घरात आली म्हणजे आपलं काय होणार. आणि दोन वर्षं होऊनही बोलानलेला दिवस जात नाहीत. पहिल्याच वाक्यात नवरा सलग सहाव्या दिवशी पोटदुखीने उठतो आणि ठरवतो की या चौथीच्या मूल न होण्याचा आता काहीतरी निकाल लावायचाच. या माणसाचं सगळं पोटावर येतं बघा, राग आला की पोट, भीती वाटली की पोट, वाईट बातमी कळली की सरळ उलटी. मला आमचे एक लांबचे काका आठवले, त्यांचंही असंच होतं.

आता माझा मुद्दा. तिथल्या योरुबा भाषेत 'इया' म्हणजे आई आणि 'बाबा' म्हणजे आपल्यासारखेच बाबा. त्यामुळे पहिली बायको इया सेगी, म्हणजे सेगीची आई, दुसरी इया तोपे, तिसरी इया फेमी, आणि नवरा बाबा सेगी. त्याचं खरं नाव इशोला अलाओ आहे पण ते अख्ख्या पुस्तकात किती वेळा येतं ते बोटांवर मोजावं. आपल्याकडे नाही का, 'अहो बंड्याची आई', 'शकूचे बाबा आलेत का घरी', अगदी तस्सं. आणि या सगळ्या इयांमध्ये स्वतःच्या नावाने हाक मारली जाणारी बायको एकच, बोलानले, कारण तिला मूल नाही. म्हणजे जे तिला हिणवायला वापरतात त्याच्यामुळेच तिचं नाव तिच्यापाशी शिल्लक राहिलंय! हे मला अर्ध्या पुस्तकात आल्यावर लक्षात आलं आणि मी मागे जाऊन परत वाचायला लागले.

आणि शेवट (परत सांगते, थांबायचं असेल तर थांबा). डॉक्टरकडे तपासण्या होतात, नवऱ्यालाही नमुना द्यायला लावतात, आणि कळतं की दोष त्याच्यात आहे. मग सात मुलं? सातातलं एकही त्याचं नाही. पहिलीला काही होईना तेव्हा तिने वाट शोधली, नंतर आलेल्या दोघींनीही आपापली वाट शोधली, आणि इतकी वर्षं एका छपराखाली तिघी गप्प. बोलानले बिचारी एकटीच प्रामाणिक, म्हणून तिला एकटीलाच मूल नाही. आता विचार करा, ज्या माणसाची अख्खी ओळख 'सेगीचे बाबा' आहे त्याला कळतं की सेगी आपली नाही. पुस्तकातला सगळ्यात मोठा विनोद आणि सगळ्यात मोठं दुःख त्याच्या नावातच आहे, पहिल्या पानापासून आपल्यासमोर आहे, आणि आपल्याला दिसत नाही.

कुणी वाचलंय का?

मनुली

शेवंती, किती छान लिहिलंयस गं. मी शेवट वाचून टाकला तरी पुस्तक मागवलंय. या बाईबद्दल अजून सांग ना, कुठली, काय करते, हिला हे सगळं सुचलं कुठून? घरात सवती होत्या का?

शेवंती

मनुली, हो, घरातच होत्या, पण तिच्या आईच्या माहेरी. तिच्या आईचे वडील नायजेरियातल्या इपेरू-रेमो गावाचे पारंपरिक राजे, त्यांना पाच बायका, आणि लोलाची आजी त्यातली पहिली. लोलाने २०१० साली एका ब्रिटिश वर्तमानपत्रात बहुपत्नीत्वावर लेख लिहिला होता, त्यात हे आजीचं दुःख आहे आणि भूमिका अगदी स्वच्छ आहे, मला हे नको, कुणालाच नको. म्हणजे कादंबरीत एवढं हसवणारी बाई या विषयात गुळमुळीत अजिबात नाही.

जन्म १९७४ चा, इबादानचाच. सहा भावंडांत सगळ्यात धाकटी आणि एकुलती एक मुलगी, पाच भाऊ. अगदी लहान असताना ब्रिटनला बोर्डिंग शाळेत पाठवलं, एडिनबरा वगैरे. मग तिच्या वडिलांना नायजेरियाच्या लष्करी सरकारने तुरुंगात टाकलं आणि ती मायदेशी परत आली, उरलेली शाळा इबादानला. मला वाटतं तिच्या लिखाणातली जी नजर आहे ना, आतली पण आणि जरा लांबून बघणारी पण, ती या जाण्यायेण्यातून आली असावी. हे माझं मत.

पुढे तिने शिक्षिकेची नोकरी केली, राजधानी अबुजाला शाळेत इंग्रजी आणि नाटक शिकवायची. सुरुवात कवितेपासून, पहिला कवितासंग्रह १९९८ चा, दुसरा २००२ चा. कादंबरीचं म्हणाल तर बाबा सेगीच्या आधी दोन लिहून झाल्या होत्या आणि दोन्ही छापल्याच गेल्या नाहीत. दोन!! मी असते तर पहिल्यालाच वही मिटली असती. तिसरी ही, २०१० ला आली, नायजेरियात, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत, आणि २०११ ला ऑरेंज प्राइझच्या (ब्रिटनमधला, बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांसाठीचा पुरस्कार) पहिल्या, लांब यादीत होती.

पूर्वीचा_लागोसकर

धागा बघून राहवलं नाही. मी लागोसला चार वर्षं होतो नोकरीसाठी, सहकुटुंब. भारतीय भरपूर आहेत तिकडे, गुजराती सिंधी जास्त, मराठी पण होतो आम्ही थोडेफार, गणपती बसवायचो.

शेवंतीताईंनी नावाचा मुद्दा बरोबर पकडलाय. आमच्या सौ.ला तिकडे कुणी कधी नावाने हाक मारलीच नाही. शेजारणी, भाजीवाल्या, शाळेतल्या बाया सगळ्या 'मामा' पुढे आमच्या मुलाचं नाव लावून हाक मारायच्या आणि ती हाक आदराची असते हे लक्षात घ्या, त्यात मायाच असते. सौ.ला सुरुवातीला विचित्र वाटलं मग इतकं आवडलं की परत आल्यावर पुण्यात सोसायटीत सगळे आडनावाने मॅडम मॅडम करतात ते तिला कोरडं वाटायला लागलं. म्हणून हा रिवाज नुसता जाच आहे असं कुणी समजू नये एवढंच. पण आमच्या खालच्या मजल्यावर एक जोडपं होतं, लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही, त्या बाईला काय हाक मारायची हा बाकीच्या बायकांना प्रश्नच पडायचा आणि बऱ्याचदा मारायच्याच नाहीत. हे मी डोळ्याने बघितलंय. तेव्हा नीट कळलं नव्हतं, आज हा धागा वाचताना कळलं.

बाकी तिकडच्या माणसांचा विनोद म्हणजे काय सांगू. दिवसातून दहा वेळा लाइट जाणार, जनरेटरचा धूर, घामाच्या धारा, आणि लाइट आली की गल्लीतली सगळी पोरं एका सुरात ओरडणार 'अप नेपा!' (नेपा म्हणजे जुनं वीज मंडळ, मंडळाचं नाव बदलून वर्षं झाली तरी आरोळी तीच). वैतागायचं त्या जागी ते आरडाओरडा करून आनंद साजरा करतात. ही लेखिका त्याच मातीतली आहे.

कोरडवाहू

मी वाचलंय हे पुस्तक आणि मला ते तितकं आवडलं नाही, स्पष्ट सांगतो. बोलानलेवर पंधराव्या वर्षी बलात्कार झालेला असतो, नंतरचा गर्भपात, ते सगळं ती आईपासून लपवते, आणि त्याच घरात, त्याच पुस्तकात नवऱ्याच्या ढेकरा आणि जुलाब आणि पलंगावरचे प्रकार यावर आपण हसायचं? माझं मन नाही तयार झालं. शिवाय इतका हास्यास्पद नवरा दाखवला की पद्धतीचा दोष राहतो बाजूला, हा एक माणूस बावळट म्हणून असं झालं असं वाटतं. आणि परदेशातल्या वाचकाला आफ्रिकेतल्या चार बायकांची गोष्ट विकायला सोपी जाते हाही भाग आहेच.

शेवंती

कोरडवाहू, तुमचं पहिलं म्हणणं मलाही वाचताना टोचलं होतं म्हणून नीट उत्तर देते.

पुस्तक एकाच्या तोंडून नाहीये, आळीपाळीने एकेक जण बोलतं, बायका बोलतात, मध्येच ड्रायव्हर ताजू बोलतो. आणि बोलानले बोलते तेव्हा हसू जवळपास नाहीच. तिचा बलात्काराचा भाग मी दोन बैठकीत वाचला, सलग वाचवला नाही. हसू येतं ते बाबा सेगीच्या आणि मोठ्या सवतींच्या भागात, आणि तिथेही दर वेळी थोड्या पानांनी त्याच बाईची कहाणी येते आणि मघाचं हसू गिळावं लागतं. इया तोपेला तिच्या बापाने पीक बुडालं म्हणून या माणसाला देऊन टाकलेली असते, धान्याऐवजी मुलगी. इया फेमीचे आईबाप गेल्यावर काकाने घर लाटलं आणि तिला मोलकरीण म्हणून लोकांच्या घरी धाडलं. ही इया फेमी बोलानलेशी इतकी दुष्टपणे वागते की तिचा राग राग येतो, आणि मग हे कळतं. मला नाही वाटत यात दुःखाची थट्टा आहे. उलट नुसतं दुःखच लिहिलं असतं तर मी चाळीस पानांत ठेवून दिलं असतं, हसवत हसवत तिने मला त्या घरात आत नेऊन बसवलं आणि मग दार लावून घेतलं.

आणि सेगीचं विसरलात का तुम्ही? बोलानलेसाठी विष घातलेलं जेवण सेगी खाते. इया सेगीची स्वतःची लेक. जिच्या नावाने आईबापाला हाक मारतात तीच जाते. त्यानंतर पुस्तकात कुणाला हसू येत असेल असं मला वाटत नाही.

नवऱ्याबद्दल म्हणाल तर मला तो नुसता बावळट नाही वाटला. दुष्ट असता तर सोपं झालं असतं, त्याला शिव्या घालून मोकळं झालो असतो. हा पोरांवर जीव टाकणारा माणूस आहे, आणि ती मुलं आपली नाहीत हे कळल्यावरही त्यांना घराबाहेर काढत नाही. आणि तरीही त्याच्या घरात चार बायकांची आयुष्यं नासतात. बरा माणूस असूनही हे होतं म्हणजे दोष पद्धतीचाच ना? शेवटी तो आपल्या मुलाला सांगतो की लग्न करशील तेव्हा एकच बायको कर. इतक्या उशिरा, पण त्याला कळतं.

परदेशी वाचकाचं मात्र तुमचं खरं असू शकेल, ते मी नाकारत नाही. पण हे पुस्तक नायजेरियात तिथल्याच प्रकाशकाने छापलं आणि तिथल्या बायकांनी हातोहात एकमेकींना दिलं असं माझ्या तिकडच्या ऑफिसच्या मैत्रिणीने सांगितलं, तिच्याकडूनच मला नाव कळलं.

कोरडवाहू

सेगीचं विसरलो नव्हतो, पण आईबापाच्या नावाचं मूळ तीच आहे हे असं डोक्यात आलं नव्हतं. ठीक आहे. परत वाचून बघतो. ढेकरांबद्दल माझं मत कायम.

ओपीडी_१२

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. पुस्तक वाचलेलं नाही पण धागा दोनदा वाचला. मूल होत नाही अशा जोडप्यांत साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. आणि वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी, स्वस्त, न दुखणारी तपासणी. तरी माझ्याकडे बाई येते ती सोनोग्राफीच्या फाइली, नळ्यांचा एक्सरे, कुठे कुठे दुर्बिणीची तपासणी पण झालेली असते, आणि नवऱ्याचा एक कागद नाही. विचारलं की सासू म्हणते त्याला काय झालंय, धडधाकट आहे. मोठ्या वयात गालगुंड झालं आणि अंडकोषाला सूज आली तरी पुढे त्रास होऊ शकतो, एवढं साधं असतं कधीकधी. मी आता नियमच केलाय, नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय बाईची पुढची तपासणी लिहून देत नाही. काही लोक डॉक्टर बदलतात. बदलू देत.

वांझ हा शब्द आपल्याकडे फक्त बाईला आहे. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यातला शब्द मला कुणी सांगावा, मी वीस वर्षं शोधतोय.

बारमाही

डॉक्टर, __/\__

लेखिकेच्या बाकी कामाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण माझ्या मते बाबा सेगीइतकंच ते मोठं आहे. २०१३ मध्ये तिने आके आर्ट्स अँड बुक फेस्टिवल सुरू केला, अबेओकुटा शहरात. नोबेलवाले वोले सोयिंका तिथलेच, आके हा त्यांच्या बालपणीचा भाग. पुस्तकांची चर्चा, नाटक, सिनेमा, कविता, शाळेतल्या मुलांचे कार्यक्रम, आणि आफ्रिकेतले लेखक आफ्रिकेतच एकमेकांना भेटणार, त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. २०१८ पासून तो लागोसला होतो. आणि २०१७ ला तिने उत्तरेत कडुना शहरातही पुस्तक महोत्सव सुरू केला. शिवाय स्वतःची प्रकाशन संस्था काढली, ओइदा बुक्स. मुलांसाठीही लिहिते.

कोरडवाहूंना परदेशी वाचकाबद्दल वाटतं त्याचं उत्तर मला यात दिसतं. बाहेर नाव झाल्यावर ती तिकडे स्थायिक होऊन दर दोन वर्षांनी एक कादंबरी देत बसली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने आपल्याच देशात राहून इतरांसाठी मांडव घातला. महोत्सव उभा करणं म्हणजे प्रायोजक, व्हिसा, हॉटेलं, माइक, जनरेटर... आमच्या गावच्या व्याख्यानमालेचं काम मी तीन वर्षं केलंय, सात दिवसांच्या मालेसाठी चार महिने जातात आणि शेवटच्या दिवशी खुर्च्या मोजून परत द्याव्या लागतात. ती हे वर्षानुवर्षं करतेय, त्यात पुढची मोठ्यांची कादंबरी मागे पडली तर मला तिच्याबद्दल आदरच वाटतो, वाचक म्हणून हळहळ पण वाटते.

नाटकही झालंय या कादंबरीचं, रोटिमी बाबाटुंडे यांनी रूपांतर केलं, २०१८ ला लंडनच्या आर्कोला थिएटरात लागलं होतं. माझी भाची तेव्हा तिकडे शिकत होती, तिने बघितलं, म्हणाली प्रेक्षकांतल्या नायजेरियन बायका नटांना मध्येच उत्तरं देत होत्या, आपल्या तमाशाला देतात तशी. २०२० ला नेटफ्लिक्सने मालिका करणार असं जाहीरही केलं होतं.

नदीकाठ

मी सहसा इथे वाचतेच, लिहीत नाही. पण शेवंती तुझं ते नावाचं वाचून मला दोन दिवस चैन नाही.

आमच्या वडिलांच्या आजोबांना दोन बायका होत्या. सातारा जिल्हा, गावाचं नाव नको. मुंबई प्रांतात हिंदूंना पहिली बायको असताना दुसरी करायला बंदी आली १९४६ ला, हे त्याच्या कितीतरी आधीचं. थोरलीला मूल झालं नाही म्हणून धाकटी केली, आणि धाकटी म्हणे थोरलीनेच पसंत करून आणली, असं घरात कौतुकाने सांगतात. मी लहानपणापासून ऐकलंय आणि एकदाही मनात आलं नाही की तिला कसं वाटलं असेल. धाकटीला पाच मुलं, तिला सगळे 'दादाची आई' म्हणायचे. थोरलीला 'थोरल्या'. नुसतं थोरल्या. मुलंही थोरल्या, गडीमाणसंही थोरल्या. न्हाऊमाखू घालणं, पोरांचं दुखणंखुपणं, धाकटीची पाचही बाळंतपणं हिनेच काढली.

वंशावळ छापलीये आमच्या भावकीने, त्यात धाकटीचं नाव आहे. थोरलीच्या जागी 'प्रथम पत्नी' लिहिलंय. मी वडिलांना विचारलं, त्यांना माहीत नाही. काकांना नाही. बोलानलेला निदान नाव तरी होतं गं.

शेवंती

नदीकाठ, काय लिहू. वाचून गप्प बसून राहिले.

घरात जुनी भांडी आहेत का गं? माहेरून येणाऱ्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. परात, घंगाळ, ठोक्याची कळशी काहीतरी असेल. बघ ना.

ओपीडी_१२

भांडी बघाच. शिवाय शेताचे जुने उतारे, देवस्थानाच्या देणगीची पावती. आमच्या पणजीचं नाव आम्हाला जेजुरीला आमच्या पुजाऱ्यांच्या वहीत सापडलं होतं.

मनुली

पुस्तक आलं. कालपासून सत्तर पानं झाली. इया सेगीचा मला राग येत नाहीये, काय करू? शेवट माहीत असल्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य वेगळंच ऐकू येतंय. बोलानलेला डॉक्टरकडे न्यायचा विषय निघतो तिथे मला इया सेगीसाठी घाम फुटला, कारण तिला माहितीये तपासणी झाली की काय निघणार. शेवंती, शेवट सांगितलास ते बरंच केलंस.

नदीकाठ

गावी आत्याला फोन केला, ती ऐंशीच्या पुढे आहे. आधी म्हणाली भांडी कधीच मोडीत गेली. मग संध्याकाळी तिने स्वतःहून फोन केला. माळ्यावर तांब्याचं घंगाळ आहे, कल्हई गेलेलं, त्यात ती चुलीची राख भरून ठेवते. नातवाकडून उतरवून घेतलं, चिंचेने घासलं, काठावर अक्षरं आहेत. नातवाने फोटो पाठवलाय.

'चि. सौ. कां. द्वारका हिस माहेरची भेट'. पुढे शके आहे, आकडे झिजलेत.

द्वारका. माहेरचं नाव आहे. सासरी येऊन काय ठेवलं ते आत्यालाही माहीत नाही, पण वंशावळीची नवी आवृत्ती निघणारे दिवाळीत, मी काकांना फोटो पाठवलाय आणि सांगितलंय की प्रथम पत्नी खोडा आणि हे घाला.